भूगर्भाची फेरपाहणी

नॉर्वेच्या हद्दीतील उत्तर समुद्रात एकोफिस्कचे तेलक्षेत्र 1969 साली सापडले आणि 1971 मध्ये उत्पादन सुरू झाले, तेव्हा खडूच्या त्या सच्छिद्र खडकातून तेल उपसल्यावर पुढे काय होईल, याची फारशी चिंता कोणी वाहिली नव्हती. परंतु 1984 साली तेथील प्रचंड काँक्रीटच्या टाकीभोवतालच्या भिंतीत लाटांचा मारा सोसण्यासाठी ठेवलेल्या भोकांच्या रांगा पाण्यावर पूर्वीपेक्षा कमी दिसतात, हे ध्यानात आले आणि समुद्रतळच खचत असल्याचा उलगडा झाला. तेलाचा दाब उतरताच वरचा भार पेलण्याचे काम एकट्या खडकावर पडले व तो चेपत गेला. अखेर 1987 साली पोलादी फलाटच सहा मीटर उचलावे लागले.

खडकातील असे बदल वेळीच हेरायचे, तर विहिरीत उतरवलेला दाबमापक त्या विहिरीपुरतीच ग्वाही देतो. दोन विहिरींमधील विस्तीर्ण मुलखाची हकिकत कळावी, तर जहाजामागून ओढलेल्या हवेच्या तोफांचे नाद तळाखाली धाडून त्यांचे प्रतिध्वनी टिपावे लागतात, आणि काही वर्षांनी शक्य तितक्या त्याच रेषांवरून पुन्हा टिपून जुन्या नोंदींशी त्यांची रुजुवात घालावी लागते. तथापि, दाब वाढून खडकाच्या कणांची परस्परांवरील पकड सैल झाली तरी ध्वनी मंदावतो, आणि पाण्याची जागा वायूने घेतली तरीही मंदावतो. जवळच्या व दूरच्या ध्वनिग्राहकांकडे येणाऱ्या प्रतिध्वनींची तीव्रता या दोन कारणांनी निरनिराळ्या प्रमाणात बदलते, हे हेरून ती वेगळी काढण्याची रीत ट्रोनहाइमचे भूभौतिकशास्त्रज्ञ मार्टिन लांड्रो यांनी 2001 साली मांडली.

अशा निवाड्याची निकड बॅरेंट्स समुद्रातील स्नोविट वायुक्षेत्रात प्रत्ययास आली. हॅमरफेस्टजवळील मेल्कोया बेटावर नैसर्गिक वायूतून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या नळाने परत नेऊन, 2008 पासून तळाखालील वालुकाश्मात कोंडण्यात येऊ लागला. पण दाब अपेक्षेपेक्षा झपाट्याने चढला. 2009 ची पाहणी 2003 च्या पाहणीशी ताडून पाहता, वायू मुख्यत्वे थराच्या खालच्या भागात साठला असून दाब मात्र त्याच्या सीमेपलीकडे, भ्रंशांनी वेढलेल्या खंडात दूरवर पसरला आहे, असे दिसून आले. म्हणजे जागा भरली नव्हती, वाट अडली होती. खडकास तडे जाण्याजोगा दाब चढण्यापूर्वीच, 2011 साली, त्याच विहिरीतून वरच्या दुसऱ्या थरात वायू सोडण्याची तजवीज झाली.

या साऱ्या व्यवहारात पहिल्या पाहणीचा खर्च नेहमीच अनाठायी वाटतो, कारण त्या वेळी काहीच घडलेले नसते. परंतु 2003 चे दफ्तर नसते, तर 2009 च्या नोंदींतील किती भाग खडकाचा मूळ स्वभाव आणि किती भाग मनुष्याची करणी, याचा निकाल लागला नसता, आणि गेलेल्या स्थितीची मोजणी मागाहून कोणत्याही किमतीस करून मिळत नाही.