बखर की पत्र? टेबलावरच्या खेळाचा इतिहास कुठून काढायचा

पीएचडीचा विषय सांगितला की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे गेम खेळायचे पैसे मिळतात का तुला?" खेळायचे नाही मिळत. फेलोशिप मिळते, तीही उशिरा. पण विषय खरोखरच खेळाचा आहे. चार-सहा जणांनी टेबलाभोवती बसून, फासे आणि कागद-पेन्सिल घेऊन खेळायचे जे रोल-प्लेइंग गेम असतात, ते लोक एकत्र न बसता, नुसतं एकमेकांना लिहून कसे खेळू लागले, हे मी शोधतेय. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता संशोधन आराखडा लिहिण्याच्या तयारीत आहात, म्हणून माझ्या आराखड्यातलं पहिलं वाक्य कसं कोसळलं ते सांगते.

हे खेळ ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण गेममास्टर असतो. तो जग उभं करतो: "समोर जुना वाडा आहे, दार अर्धवट उघडं आहे, आतून धुराचा वास येतोय." बाकीच्यांकडे एकेक पात्र असतं. कोणी म्हणतं, "मी दार ढकलते." ढकललं तर काय होईल हे काही गेममास्टर ठरवतो, काही फासे ठरवतात. सोंगट्या असल्या तर असतात, नसल्या तरी चालतं. खेळ मुख्यतः बोलण्यातून पुढे सरकतो. हेच सगळं लिहून करायचं झालं तर गेममास्टर प्रसंग लिहून टाकतो, खेळाडू आपापल्या वेळेला उत्तर लिहितात आणि मग तो पुढचा प्रसंग लिहितो.

आता माझं वाक्य. मी लिहिलं होतं, "१९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला, हा खेळ टेबलावर रुजला आणि मग इंटरनेट आल्यावर लिखित स्वरूपात गेला." माझ्या गाइडनी त्यातल्या 'मग' या एकाच शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात लिहिलं, "कशावरून?"

मला वाटलं, यात विचारण्यासारखं काय आहे? सगळीकडे असंच लिहिलेलं असतं. पण "सगळीकडे असंच लिहिलेलं असतं" हा पुरावा नव्हे, हे व्हायवात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

अडचण अशी, की टेबलावरचा खेळ मागे काहीच ठेवत नाही. १९६९ साली अमेरिकेत मिनिआपोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांत डेव्हिड वेस्ली यांनी 'ब्राउनश्टाइन' नावाचा एक डाव घेतला. नेपोलियनच्या काळातलं एक जर्मन गाव, आणि प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेक माणूस दिलेला. त्याच मंडळींतल्या डेव्ह अर्नेसन यांनी पुढे 'ब्लॅकमूर' नावाचं जग चालवलं आणि लेक जिनिव्हाच्या गॅरी गायगॅक्स यांच्याबरोबर त्यातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' झाला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. त्या खोलीत नक्की कोण काय बोललं, कुठली कल्पना कोणाची, हे आपल्याला मुख्यतः कशावरून कळतं? तिथे बसलेल्यांनी अनेक वर्षांनी सांगितलेल्या आठवणींवरून. आणि या आठवणी निरागस नाहीत. श्रेय आणि मानधन यांवरून अर्नेसन यांनी १९७९ साली गायगॅक्स यांच्या कंपनीवर दावा लावला. त्यानंतर सांगितलेली प्रत्येक आठवण त्या दाव्याच्या सावलीत सांगितलेली आहे.

इथे मला आपले राजवाडे आठवले. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता. बखरी नंतर लिहिल्या जातात, कोणाच्या तरी सांगण्यावरून आणि कोणाच्या तरी सोयीने. त्या त्या दिवशी लिहिलेली अस्सल पत्रं सापडली तर त्यांचं वजन जास्त. गायगॅक्स-अर्नेसन प्रकरणातल्या आठवणी म्हणजे बखरी. मग पत्रं कुठे आहेत?

पत्रं होती. ढिगाने होती, आणि तीही १९७४ च्या आधीची.

अ‍ॅलन कॅल्हॅमर यांचा 'डिप्लोमसी' हा खेळ १९५९ साली आला. त्यांनी स्वतःच्या खर्चाने पाचशे प्रती काढल्या होत्या. १९०१ सालचा युरोप, सात सत्ता, सात खेळाडू. फासे अजिबात नाहीत. आधी खेळाडू आपसांत वाटाघाटी करतात, वचनं देतात, मग प्रत्येक जण आपल्या सैन्याचे हुकूम गुपचूप लिहितो आणि सगळ्यांचे हुकूम एकाच वेळी उघडले जातात. दिलेलं वचन पाळायचं बंधन कोणावरच नाही. खेळ अप्रतिम, पण एक गोची होती: सात माणसं अख्खा दिवस मोकळी सापडायला हवीत. तुम्हाला चार जणांचा ग्रुप-स्टडी जमवता येत नाही, तिथे सात जण!

यावर उपाय टपालाचा. १९६३ मध्ये न्यूयॉर्कचे जॉन बोर्डमन (व्यवसायाने भौतिकशास्त्राचे प्राध्यापक) यांनी 'ग्राउस्टार्क' नावाचं छोटं नियतकालिक सुरू केलं. खेळाडूंनी ठरलेल्या तारखेपर्यंत हुकूम पत्राने पाठवायचे, संपादकाने ते पडताळून निकाल छापायचा आणि अंक सगळ्यांना टपालाने रवाना करायचा. अशा डावांना क्रमांक देण्याची पद्धत पडली. तिला बोर्डमन क्रमांकच म्हणतात, आणि पहिल्या डावाचा क्रमांक '१९६३ ए' असा आहे. म्हणजे दस्तऐवजांची नोंदवही खेळणाऱ्यांनी स्वतःच ठेवली! संशोधकाला याहून काय हवं? (जाता जाता: ज्यांचा खेळ टपालावर असा वाढला ते कॅल्हॅमर स्वतः पुढे पोस्टमन झाले. हे मी रचलेलं नाही.)

टपालाने खेळणं ही नवी गोष्ट नव्हती, हे खरं. एडिंबरा आणि लंडनच्या क्लबांत १८२४ ते १८२८ पत्रांतून बुद्धिबळाचा सामना झाला. आपल्याकडे मद्रास आणि हैदराबाद यांच्यात असाच सामना झाला आणि त्याचे डाव गुलाम कासिम आणि जेम्स कॉक्रेन यांनी १८२९ साली पुस्तकात छापले. त्याच सुमारास, १८२४ मध्ये, प्रशियात राइसवित्झ यांनी 'क्रीगश्पील' या लष्करी खेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात खेळाडू पंचाला लेखी हुकूम देत आणि पंच त्यांना तेवढंच सांगे जेवढं रणांगणावरच्या सेनापतीला कळलं असतं. गेममास्टरचा पूर्वज पाहायचा तर तो हा पंच.

पण 'डिप्लोमसी'च्या अंकांत बुद्धिबळाच्या पत्रांत नसलेली एक गोष्ट होती. निकालाच्या खाली खेळाडूंची 'प्रेस' छापलेली असे. रशिया खेळणारा माणूस झारच्या थाटात फर्मान काढायचा, ऑस्ट्रियावाला त्याला दरबारी भाषेत टोमणे मारायचा, कोणी खोट्या बातम्या पेरायचा. चाल जिंकायला याची गरज नव्हती. लोक पात्रात शिरून लिहीत होते कारण त्यात मजा येत होती. आणि डाव चालवणाऱ्याला या मंडळींत 'गेम्समास्टर' म्हणत. १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पुस्तिकांत त्या माणसाला 'रेफरी' म्हटलंय. 'डंजन मास्टर' हा शब्द नंतर रूढ झाला. गायगॅक्स स्वतः टपाली 'डिप्लोमसी'च्या वर्तुळात वावरलेले होते. अर्नेसन आपल्या नेपोलियनकालीन मोहिमेची बातमीपत्रिका काढत. ही दोन माणसं वेगळ्या राज्यांत राहत होती, आणि अर्नेसन यांची टिपणं गायगॅक्सकडे गेली तीही टपालानेच.

माझा आनंद गगनात मावेना. मी आराखड्याची नवी आवृत्ती लिहिली: "रोल-प्लेइंग गेमचा जन्म टेबलावर नव्हे, टपालात झाला." गाइडनी या वेळी रेघ मारली नाही. फक्त म्हणाले, "राजवाड्यांनासुद्धा पत्रं सापडली म्हणून पत्रं महत्त्वाची वाटली का, हे बघ."

दोन दिवस रागावले होते, कारण ते बरोबर होतं. टपालाचा पुरावा उरला म्हणून टपाल मोठं दिसतं. टेबलावर बोललं गेलेलं हवेत गेलं म्हणून ते लहान दिसतं. उरलेलं आणि घडलेलं यांतला हा फरक इतिहासाच्या कुठल्याही विषयात तुमचा घात करू शकतो. शिवाय पत्रं खोटं बोलत नाहीत असं थोडंच आहे? 'डिप्लोमसी'च्या पत्रांत तर खोटं बोलणं हाच खेळ! म्हणून आता माझं वाक्य बरंच किरकोळ झालंय: पात्रात शिरून लिहिण्याची सवय असलेली, पंचाच्या निवाड्यावर विश्वास ठेवणारी आणि डेडलाइन पाळणारी एक मंडळी १९७४ च्या आधीच तयार होती. जन्म वगैरे काही नाही. पण याचे पुरावे मी दाखवू शकते.

फाशांचं काय, हा प्रश्न मला खूप जणांनी विचारलाय. समोरासमोर नसताना फासा कोणी टाकायचा आणि विश्वास कोणावर ठेवायचा? अ‍ॅव्हलॉन हिल या कंपनीच्या टपाली युद्धखेळांच्या संचात यावर झकास तोड होती. दोघांनी आधीच एक शेअर आणि पुढची एक तारीख ठरवायची. त्या दिवसाच्या वर्तमानपत्रात छापलेल्या बाजारातल्या आकड्यावरून निकाल लावायचा. वर्तमानपत्र दोघांकडे तेच, आणि आकड्यावर दोघांचाही ताबा नाही. आज हे काम फासे टाकून देणारा प्रोग्रॅम करतो. पण त्यावर लोक जे वाद घालतात ते वाचले की वाटतं, वर्तमानपत्रच बरं होतं.

यानंतरची साखळी भराभर सांगते. १९७८ च्या फेब्रुवारीत शिकागोत पहिलं संगणकीय बुलेटिन बोर्ड सुरू झालं, एका फोन लाइनवर, एका वेळी एकच माणूस. मग यूझनेट, ई-मेलच्या याद्या आणि शेवटी वेबवरचे फोरम. टपालात जिथे एका फेरीला आठवडे लागायचे तिथे आता एक दिवस लागू लागला. तरी हिशोब करून बघा. चार खेळाडू, प्रत्येकाने दिवसाला एक पोस्ट टाकायची. पाच फेऱ्यांची मारामारी टेबलावर तासाभरात उरकते. इथे सगळे वेळेवर हजर राहिले तरच पाच दिवस. एकाची परीक्षा असते, दुसऱ्याच्या घरी लग्न असतं, आणि त्याच पाच फेऱ्यांना महिना लागतो. म्हणून लेखी डाव चालवणाऱ्यांनी स्वतःचे कायदे केले. मारामारीत ठरलेल्या क्रमाची वाट न पाहता जो आधी लिहील त्याची चाल आधी. ठरावीक वेळात उत्तर आलं नाही तर त्याचं पात्र गेममास्टर चालवणार. 'मी दार उघडतो' एवढंच लिहायचं नाही. उघडलं आणि आत कोणी असेल तर काय करणार, तेही लिहायचं, म्हणजे एक फेरी वाचते. यातले बहुतेक डाव पूर्ण न होता मध्येच थंडावतात, आणि चालवणाऱ्यांना ते माहीत असतं.

अभ्यासकाला मात्र हा संथपणा वरदान आहे. समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मिनिआपोलिस परिसरातल्या खेळाडूंमध्ये बसून अभ्यास केला (त्यांतला एक गट चालवणारे एम. ए. आर. बार्कर हे उर्दूचे प्राध्यापक होते). त्यांचं 'शेअर्ड फँटसी' हे पुस्तक १९८३ चं. गॉफमन यांची चौकटींची कल्पना वापरून त्यांनी दाखवलं की टेबलावरचा माणूस एकाच वेळी तीन पातळ्यांवर असतो: साधा माणूस, नियम पाळणारा खेळाडू, आणि पात्र. बोलण्यात या पातळ्या क्षणाक्षणाला बदलतात. लेखी खेळात मात्र खेळाडू त्या स्वतःच वेगळ्या करतात: पात्राचं बोलणं एका धाग्यात, खेळाडूंची कुजबुज दुसऱ्या. फाइनना जे कानांनी टिपावं लागलं ते इथे तारीख-वेळेसकट लिहिलेलं असतं. म्हणजे, तोवर, जोवर ते असतं.

१९६३ च्या सायक्लोस्टाईल अंकांचे गठ्ठे कोणी ना कोणी माळ्यावर जपले. यूझनेटचे संदेश वाचले ते डेजान्यूज नावाच्या सेवेने १९९५ पासून साठवले आणि २००१ मध्ये गूगलने तो साठा विकत घेतला म्हणून. पण याहू ग्रुप्सने २०१९ च्या ऑक्टोबरात जाहीर केलं की जुना मजकूर काढून टाकणार, आणि सभासदांना हाती काही आठवडे मिळाले. त्यात किती डाव गेले याची मोजदाद कोण करणार? माझ्यापुरतं सांगायचं तर मी पहिल्या वर्षी एका लहानशा फोरमवरचे डाव महिनोन् महिने वाचले, टिपणं काढली, आणि शहाणपणा करून फक्त दुवे जतन केले. चालवणाऱ्याने सर्व्हरचे पैसे भरणं थांबवलं आणि एका सकाळी सगळे दुवे मेले. माझ्या वहीत आता "इथे फार सुंदर वळण आहे, पुन्हा पाहणे" अशा नोंदी आहेत. वळण काय होतं, आठवत नाही. मी स्वतःच बखरकार झाले.

तेव्हापासून वाचताना पान तिथल्या तिथे उतरवून घेते, तारीख टाकते, पोस्ट नंतर बदललीय अशी खूण दिसली तर तीही नोंदवते. पण यातून दुसरीच अडचण निघाली. हे लोक मेलेले पेशवे नाहीत. कोणीतरी पंधराव्या वर्षी, टोपणनावाने, रात्री जागून एक पात्र लिहिलं. त्या पात्राच्या तोंडून घरातलं दुःखही लिहिलं असेल. मी त्यातली एक ओळ जशीच्या तशी उद्धृत केली तर शोधयंत्रात टाकून कोणीही त्या माणसापर्यंत पोहोचेल. उद्धृत न करता सारांश लिहिला तर परीक्षक विचारणार, "कशावरून?" इंटरनेट संशोधकांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं २००२ पासून आहेत. ती प्रश्न विचारायला शिकवतात, परवानगी देत नाहीत.

सध्या मी ज्यांचा पत्ता लागतोय त्यांना लिहून विचारतेय. तिघांनी होकार दिला, एकीने कळवलं की ते पान शोधून मला काहीही न सांगता वाच आणि विसर. तिचा डाव माझ्याकडच्या सगळ्यात चांगल्या साधनांपैकी आहे, आणि प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात त्याची जागा मी रिकामी ठेवलीय. संमतीपत्राचा मराठी मसुदा तयार होतोय, झाला की इथे टाकते. तुम्हाला हवा असेल तर त्यात बदल करून वापरा.