१८५६ सालचे दोन कागद

१८५६ सालच्या जून महिन्यात धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. नेहमीची फी भरायची तयारी असूनही सरकारी शाळेत आपल्याला घेत नाहीत, ही त्याची तक्रार. सरकारचे उत्तर आजही वाचण्याजोगे आहे. मुलाची मागणी न्यायाची नाही, असे सरकार म्हणालेच नाही! परंतु एकट्यासाठी त्याला सवर्णांच्या मुलांत बसवले, तर बाकीच्या रयतेला ती शाळा निरुपयोगी होईल, एवढेच कारण पुढे केले. न्याय मान्य, प्रवेश अमान्य. १८५८ साली लंडनच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्वांसाठी आहेत असे कळवले खरे. पण चाळीसएक वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर वेगळ्या गोणपाटावर बसत होते. ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे, कारण शाळेचा गडी त्याला हात लावत नसे. शाळेची शिस्त म्हणतात ती ही!

त्याच वर्षीचा दुसरा कागद १० ऑक्टोबरचा. आजारपणामुळे नायगावला माहेरी गेलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेले पत्र. तुम्ही नवराबायको महार-मांगांसाठी झटता, कुळाला बट्टा लावता, असे भावाने ऐकवले होते. सावित्रीबाईंनी त्याला विचारले, तू गाई-शेळ्यांना कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग महार-मांग माणसे नाहीत काय? सरकार जे करायला कचरले, ते हे जोडपे पुण्यात आधीपासून करीत होते. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ सालीच 'ज्ञानोदया'त छापून आला होता.

याच पत्रात फातिमाचे नाव येते. आपण तिथे नसल्याने फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा भरवसा सावित्रीबाई व्यक्त करतात. २०२५ साली फातिमा ही कल्पित बाई असल्याचा गवगवा झाला, तेव्हा आम्ही हे पत्र पुन्हा काढून वाचले. तिच्या नावावर पुढे भक्तिभावाने जोडलेली जन्मतारीख आणि कथा आम्हाला नकोत. पत्रात तिची ओळख करून दिलेली नाही. घरातल्या माणसाचे घ्यावे तसे नुसते नाव घेतले आहे.