चाचा म्हणायचे कोणाला?

इथे शॉमबर्गमध्ये आपल्या मुलांना विचारून पाहा: चाचा म्हणजे एका डोळ्यावर पट्टी, खांद्यावर पोपट. आपल्या कोकण किनाऱ्यावरही चाचे होते, असे सांगितले तर त्यांना गंमत वाटेल. तुम्हाला कदाचित राग येईल.

पण पुरावा जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तहून व्यापार करणाऱ्या एका ग्रीक खलाशाने 'पेरिप्लस' लिहिले. त्यात कल्याण आहे, चौल आहे, आणि आणखी दक्षिणेकडे चाच्यांबद्दल इशाराही आहे. त्याच शतकातला प्लिनी सांगतो की, भारताकडे येणारी जहाजे तिरंदाज सोबत ठेवत.

मात्र पेरिप्लसमधलीच दुसरी एक नोंद मला जास्त बोलकी वाटते. कल्याणचे बंदर आधी खुले होते. सत्ता बदलली, आणि मग तिथे चुकून आलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाऊ लागले. जहाज इथेही अडवलेच जाई, पण राजाच्या हुकमाने. म्हणून लेखक याला चाचेगिरी म्हणत नाही.

रोमनांचा हिशेबही असाच सोयीचा होता. सिलिशियाचे चाचे माणसे पकडून डिलॉस बेटावर विकत आणि ते गुलाम लागत रोमनांनाच. रोमची धान्याची जहाजे अडू लागली तेव्हा कुठे, इ. स. पू. ६७ मध्ये, पाँपीला खास अधिकार मिळाले. त्याने तीन महिन्यांत समुद्र मोकळा केला! म्हणजे आधी जमत नव्हते असे नाही.

आता कान्होजी आंग्रे. १७१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची नौका पकडली आणि तीस हजार रुपये खंडणी घेऊन सोडली. इंग्रजी कागदांत ते चाचे. शाहू महाराजांच्या दरबारी सरखेल. ते दस्तक विकत आणि दस्तक नसलेले जहाज धरत. पोर्तुगीज हेच काम 'कार्ताझ' नावाने सोळाव्या शतकापासून करत होते, त्यांना कोणी चाचे म्हटले नाही. लुटल्या गेलेल्या तांडेलाला अर्थात या फरकाचे काय!

१७५६ मध्ये पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांचीच मदत घेतली. विजयदुर्ग पडला, आंग्र्यांचे आरमार जळाले. किल्ल्यातली सुमारे दहा लाखांची लूट वॉटसन आणि क्लाइव्हच्या लोकांनी आपापसांत वाटून घेतली. पेशव्यांच्या हाती लागला तो कैदी तुळाजी.