दिवे हिरवे, तरी नेट बंद? राउटरमधला ‘एआरपी’ आणि स्टॅटिक रूट म्हणजे काय

सेवा केंद्रात राउटर बदलला, दिवे हिरवे लागले, वायर नीट आहे, तरी साइट उघडत नाही. पीक विम्याची शेवटची तारीख असली की रांगेतली माणसं ‘सर्व्हर डाऊन’ म्हणत घरी निघतात. पण काही वेळा सर्व्हर चांगला असतो, घोळ दोन राउटरच्या मधल्या पत्त्याचा असतो.

नेटवर प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात. आयपी पत्ता आपण देतो, तो बदलता येतो. मॅक पत्ता कंपनीतूनच यंत्रासोबत येतो, १२ अक्षर-आकड्यांचा. वायरवरून माल पोचतो तो मॅक पत्त्यावर. मग आयपीवरून मॅक शोधायचा कसा? त्यासाठी १९८२ साली डेव्हिड प्लमर यांनी एआरपी ही पद्धत मांडली. राउटर सगळ्यांना हाळी देतो, “१९२.१६८.१०.१ कोण? तुझा मॅक सांग.” ज्याचा पत्ता तोच उत्तर देतो. राउटर ते आपल्या तक्त्यात लिहून ठेवतो.

स्टॅटिक रूट म्हणजे हाताने सांगितलेली वाट. ‘अमुक नेटवर्ककडचा माल पुढच्या त्या राउटरकडे दे.’ इथे राउटर दूरच्या सर्व्हरचा मॅक विचारत नाही, फक्त पुढच्या राउटरचा विचारतो. भाजीच्या क्रेटवर वाशीच्या गाळ्याचं नाव शेवटपर्यंत तेच राहतं, पण गाव ते तालुका एक गाडी आणि पुढे दुसरी. तसंच सर्व्हरचा आयपी तोच राहतो, मॅक प्रत्येक टप्प्याला बदलतो.

रूट टाकताना पुढच्या राउटरचा आयपी न देता काही जण नुसतं पोर्टचं नाव देतात. पीपीपीओई जोडणीत ते चालतं, कारण पलीकडे एकच जण असतो. साध्या इथरनेट पोर्टवर मात्र राउटरला वाटतं, सगळं जग याच वायरीवर आहे. मग तो प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी हाळी देतो. ही हाळी राउटर ओलांडून जातच नाही, सर्व्हरला ऐकू कशी येणार? पलीकडच्या राउटरवर ‘प्रॉक्सी एआरपी’ चालू असेल तर तो “माझ्याकडे द्या” म्हणतो आणि काम भागतं, पण तक्ता शेकडो नोंदींनी फुगतो. ती सोय बंद असेल तर सगळं ठप्प. म्हणून पुढच्या राउटरचा आयपी टाकायचाच, आळस करू नये.

दुसरा घोळ जुन्या नोंदीचा. आपण राउटर बदलला, आयपी तोच ठेवला, पण वरच्या राउटरच्या तक्त्यात जुनाच मॅक आहे. सिस्कोच्या राउटरवर मूळ सेटिंगमध्ये ही नोंद ४ तास राहते. नवा राउटर सुरू होताना ‘हा आयपी आता माझा’ असं स्वतःहून कळवतो, तेव्हा नोंद लगेच सुधारते. सगळेच कळवतात असं नाही. अशा वेळी नेटवाल्याला फोन करून नेमकं सांगा, “तुमच्या राउटरवर आमचा एआरपी क्लिअर करा.” नुसतं ‘नेट बंद आहे’ म्हटलं की तो तुम्हालाच वायर काढून लावायला सांगतो!

तपासायचं असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत एआरपी, स्पेस, डॅश, ए असं टाईप करा. गेटवेच्या आयपीसमोर राउटरचा मॅक दिसला म्हणजे तुमच्यापासून गावातल्या राउटरपर्यंत ठीक आहे. पुढचा टप्पा राउटरमध्ये पाहावा लागतो. मायक्रोटिकमध्ये आयपी मेनूत एआरपीची यादी असते. सिस्कोच्या तक्त्यात पुढच्या राउटरसमोर ‘इनकम्प्लीट’ दिसलं, तर हाळीला उत्तर आलेलं नाही.

आणि दिवे? मध्ये स्विच किंवा फायबरचा डबा असेल, तर पलीकडचा राउटर मेला तरी आपला पोर्ट चालूच दिसतो. पोर्ट चालू तोवर स्टॅटिक रूटही जागेवरच राहतो, आणि माल मधेच पडतो. दोन लाईन घेतलेल्या केंद्रांनी मायक्रोटिकच्या रूटमध्ये ‘चेक गेटवे’ चालू करून घ्यावं. पुढचा राउटर उत्तर देईनासा झाला की तो रूट बाजूला पडतो, आणि जादा डिस्टन्स देऊन टाकलेला दुसऱ्या लाईनचा रूट काम सुरू करतो.