छत्र आणि तिकीट

घर सोडून दूर जाण्याला मराठीत अनेक शब्द आहेत. यात्रा, प्रवास, देशाटन, सहल यांपैकी प्रत्येक शब्दामागे एक वेगळा हेतू आहे. ‘पर्यटन’ हा शब्द संस्कृतात जुना असला, तरी एका उद्योगाचे नाव म्हणून तो विसाव्या शतकात रूढ झाला. शब्दांच्या या फेरबदलाबरोबर वाटसरू आणि त्याला थारा देणारी भूमी यांचे नातेही बदलले. तंजावर आणि मद्रास, म्हणजे 1996 पासूनचे चेन्नई, या दोन नगरांच्या इतिहासात हा बदल विशेष स्पष्टपणे दिसतो. आणि त्याचा आरंभीचा भाग मराठी सत्तेच्या आश्रयाने घडला आहे.

काशी आणि रामेश्वर ही दोन टोके जोडणारी यात्रा भारतीय प्रवासाचा जुना कणा होय. गंगेचे पाणी रामेश्वरी न्यायचे आणि सेतूची वाळू गंगेत सोडायची, असा तिचा परिपाठ होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसल्यांनी तंजावरात राज्य स्थापले, तेव्हा या वाटेचा एक मोठा टप्पा मराठी राजघराण्याकडे आला. या घराण्याने वाटेवर छत्रे उभारली. त्यांतील अनेकांना राजस्त्रियांची नावे आहेत. निडामंगलम येथील छत्र यमुनांबेच्या नावाचे आहे, तर ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजीराजांनी 1802 मध्ये बांधविले.

सरफोजीराजांचा मद्रासशी संबंध तरुणपणीच आला. गादीचा वाद चालू असता श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याने त्यांना सुरक्षिततेसाठी मद्रासला हलविले. तेथे त्यांचे शिक्षण झाले. 1798 मध्ये ते गादीवर बसले आणि 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे मुख्यतः किल्ला आणि त्याचा परिसर उरला. अशा स्थितीत, 1801 मध्ये, त्यांनी ब्रिटिश रेसिडेंटला छत्रांविषयी एक पत्र लिहिले. ही छत्रे आपल्याच देखरेखीखाली राहावीत, हा त्याचा हेतू होता. राज्य गेल्यावर राजाने मागून घेतले ते वाटसरूंना जेवू घालण्याचे कर्तव्य, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या पत्रात छत्रांच्या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन येते. ब्राह्मणांपासून अंत्यजांपर्यंत, तसेच जोगी, जंगम, फकीर अशा सर्वांना तेथे अन्न मिळे. शिजवलेला भात न चालणाऱ्यांना शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी राहिलेल्यांना बोलाविले जाई. आजारी वाटसरूसाठी वैद्य, औषध आणि पथ्य यांची सोय होती. मुलांना दूध आणि गर्भवती स्त्रियांची विशेष देखभाल, हेही व्यवस्थेचाच भाग होते. वाटेत मरण आलेल्या माणसाचे अंत्यविधी त्याच्या रीतीप्रमाणे होत. छत्रांना जोडून पाठशाळाही होत्या. ‘अन्नछत्रात जेवणे आणि वर मिरपूड मागणे’ ही म्हण मागणाऱ्याच्या आगाऊपणाला हसते. या पत्राची दृष्टी मात्र उलटी आहे. कोणाला काय चालत नाही आणि कोणाला काय हवे, हे ओळखणे तेथे देणाऱ्याचे काम ठरते.

अर्थात या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. सर्वांना अन्न मिळणे आणि सर्वांनी एका पंगतीत बसणे या भिन्न गोष्टी होत. जातिभेद छत्राच्या दाराशी थांबत नव्हता. शिवाय छत्रांचा खर्च त्यांना लावून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून निघे, म्हणजे त्या दानामागे कुळांचे श्रम होते. दान आणि समता यांची गल्लत केल्यास इतिहास निसटतो.

सरफोजीराजे स्वतःही मोठे यात्रिक होते. 1820 ते 1822 या काळात सुमारे 3,000 माणसांच्या लवाजम्यासह त्यांनी काशीयात्रा केली. या प्रवासात त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालयासाठी हस्तलिखिते जमविली. तिच्यावर मराठीत ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ रचल्या गेल्या. त्याआधीच तीर्थयात्रेपलीकडचे कुतूहल त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाट्यकृतीत प्रकटले होते. तमिळ परंपरेतील कुरवंजी म्हणजे भविष्य सांगत गावोगाव हिंडणाऱ्या कुरत्तीचे नाट्य. सरफोजीराजांनी या भटक्या स्त्रीच्या मुखी जगाचा नवा भूगोल घातला. तीर्थांची नावे घेणाऱ्या परंपरेत खंडे आणि देश यांची नावे आली. देवदर्शन आणि देशदर्शन यांची सांगड मराठीत अशा रीतीने फार लवकर पडली.

पुढचा पालट रेल्वेने घडविला. 1856 मध्ये मद्रासच्या रोयापुरम स्थानकातून दक्षिण भारतातील पहिली प्रवासी गाडी सुटली. 1871 मध्ये मुंबईकडून येणारा आणि मद्रासकडून जाणारा मार्ग रायचूरला एकत्र आले, आणि मद्रास हे मराठी यात्रेकरूसाठी दक्षिणेचे महाद्वार झाले. मुंबईची गाडी रुंदमापी मार्गाने सेंट्रल स्थानकात येई. पुढे दक्षिणेकडे जाणाऱ्या मीटरमापी गाड्यांसाठी 1908 मध्ये एग्मोर स्थानक झाले. रामेश्वरला निघालेल्या कुटुंबाला बोचकी-वळकट्यांसह स्थानक बदलावे लागे. त्यात या नगरीत मुक्काम पडे. सेंट्रलसमोर उभी असलेली राजा सर रामस्वामी मुदलियार यांची धर्मशाळा ही या गरजेची साक्ष होय. 1914 मध्ये पांबनचा पूल खुला झाला आणि आगगाडीने समुद्र ओलांडला. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाली, तेव्हा त्या मार्गाचे टोक पुसले गेले.

रेल्वेचे तिकीट जात विचारत नव्हते, ही त्याची थोरवी. स्थानकांवरील भोजनगृहांत मात्र सोवळ्याच्या वेगळ्या सोयी दीर्घकाळ टिकल्या आणि त्या हटविण्यासाठी तमिळ प्रदेशात आंदोलन करावे लागले. तिकिटाने आणखी एक गोष्ट केली. वाटसरू अतिथी राहिला नाही, तो ग्राहक झाला. त्याला हक्क मिळाला, परंतु तो मोजलेल्या पैशांपुरता.

स्वातंत्र्योत्तर काळात या ग्राहकाभोवती उद्योग उभा राहिला. 1971 मध्ये तमिळनाडू पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. 1984 मध्ये महाबलीपुरमचा आणि 1987 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वराचा जागतिक वारशात समावेश झाला. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्या मराठी मंडळींना दक्षिणेत नेऊ लागल्या, त्या अनेकदा आपला स्वयंपाकीही बरोबर घेऊन. पूर्वी वाट वाटसरूला जेवू घालीत असे. आता वाटसरू आपले जेवण घेऊन वाटेला लागतो. बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी लेख आहे. वेळापत्रकाने बांधलेला प्रवासी त्यासमोर छायाचित्रापुरता थांबतो.

चेन्नईत या इतिहासाला आणखी एक वळण मिळाले. 1978 मध्ये शंकर नेत्रालय आणि 1983 मध्ये अपोलो रुग्णालय सुरू झाले. पुढे बंगाल, ईशान्य भारत आणि बांगलादेश येथून रुग्णांची रीघ लागली. याला ‘वैद्यकीय पर्यटन’ हे नाव मिळाले. ग्रीम्स रोडच्या आसपासच्या खोल्यांत रुग्णांचे नातेवाईक राहतात, कित्येक जण तेथेच आपल्या चवीचे रांधतात. निवारा, अन्न आणि औषध या तीन गोष्टी तंजावरच्या छत्रात एका छपराखाली होत्या. येथे त्यांची तीन निराळी देयके होतात. आजच्या औषधाचे सामर्थ्य छत्रातल्या वैद्याच्या कल्पनेपलीकडचे आहे, हे निर्विवाद. पण ज्याला देयक भरता येत नाही, त्याचे काय, या प्रश्नाला पर्यटन या संज्ञेत जागा नाही.

पर्यटनाची आकडेवारी आलेल्यांची गणना करते. छत्राची मध्यरात्रीची घंटा राहून गेलेल्यांसाठी वाजत असे. पहिल्या व्यवस्थेने प्रवास लक्षावधींच्या आवाक्यात आणला, दुसरीने परक्याचे ऋण मानले. यांतील एकीसाठी दुसरी सोडावी लागते, असे इतिहास सांगत नाही. दोन्ही एकत्र आणण्याचा प्रयत्न पुरेसा झालेला नाही, एवढेच तो दाखवून देतो.