विसरलेले आणि न पाहिलेले

इंग्रजीच्या तासाला ‘ऑब्लिव्हियस’ हे विशेषण आले की आपण ‘बेसावध’ किंवा ‘बेखबर’ असा अर्थ सांगून पुढे जातो. ते चूक नाही. पण या शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. ‘विसरणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो तयार झाला. पंधराव्या शतकात तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता ‘विसराळू’; म्हणजे आधी माहीत होते, मग मनातून गेले. ‘ज्याचे लक्षच गेले नाही असा’ हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रूढ होऊ लागला. शब्दामागून पूर्वी ‘ऑफ’ येई, पुढे ‘टू’ही येऊ लागले. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात नव्या अर्थाला हरकत घेतली. बोलणाऱ्यांनी ती मानली नाही. आज कोशांत दोन्ही अर्थ सापडतात.

मराठीत या छटांना वेगवेगळे शब्द आहेत. ‘गाफील’ मूळचा अरबी. ‘बेसावध’मधला ‘बे’ फारसी, तर ‘सावध’ संस्कृत ‘सावधान’वरून, म्हणजे अवधानासहित असलेला. ‘उपेक्षा’ या शब्दात तर ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हाच धातू आहे. पाहूनही न पाहिल्यासारखे करणे, ती उपेक्षा!

या भेदाचे एक उत्तम उदाहरण मावळातच आहे. तळेगाव दाभाड्याजवळच्या आंबी गावातल्या मुलांना ‘तुमचा तालुका कोणता?’ असे विचारले, तर उत्तर येईल ‘मावळ’. हे नाव किती जुने? त्याचा पुरावा याच तालुक्यात, कार्ल्याच्या लेण्यात कोरलेला आहे. तिथल्या भिक्षुसंघाला करजक नावाचे गाव दिल्याचा आदेश एका सातवाहन राजाने तिथल्या अमात्याला दिला. साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या या लेखात ‘मामाल’ आहाराचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचा, उल्लेख येतो. अभ्यासक हेच आजचे मावळ मानतात. ध्वनींचे बदलही ओळखीचे आहेत. ‘ग्राम’चे ‘गाव’ आणि ‘नाम’चे ‘नाव’ झाले, तसा ‘मामाल’मधल्या दुसऱ्या ‘म’चा ‘व’ झाला. ‘फल’चे ‘फळ’ झाले, तसा ‘ल’चा ‘ळ’ झाला.

मग मधली कित्येक शतके इथले लोक आपल्याच नावाविषयी गाफील होते का? आम्हाला तसे वाटत नाही. अक्षरे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पण ब्राह्मी लिपी हळूहळू बदलत गेली आणि तिचे जुने रूप वाचता येणारे कोणी उरले नाही. हे ‘ऑब्लिव्हियस’ जुन्या अर्थाने, विस्मरणाचे. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. त्यानंतर भगवानलाल इंद्रजी आणि इतर अभ्यासकांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांमधले लेख वाचून काढले. विस्मरण तिथे संपले.

लक्ष न जाण्याचा प्रश्न मात्र संपला नाही. मावळातल्याच पाले गावच्या लेण्यातला, अर्हंतांना नमन करून सुरू होणारा छोटा ब्राह्मी लेख १९६० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासकांच्या नजरेस आला. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो प्रसिद्ध केला. म्हणजे लिपी उलगडल्यावरही सव्वाशेहून अधिक वर्षे तो लेख अभ्यासाबाहेर राहिला. वाचता येणे पुरेसे नसते, शोधायलाही जावे लागते.

आज कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनासाठी हजारो लोक जातात. शाळांच्या सहलीही जातात. सहलीआधी वर्गात एकच प्रयोग करून पाहा. ब्राह्मीतला ‘म’ फळ्यावर काढा: खाली गोल, वर दोन शिंगे. मग लेखाच्या ठशाच्या छायाचित्रात मुलांना तो शोधू द्या. ‘मामाल’मध्ये तो दोनदा येतो, आकार थोडा बदललेला असेल, पण ओळखता येईल. आपल्या तालुक्याचे नाव सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या दगडावर ज्याने स्वतः वाचले, त्याला ‘बेखबर’ कोण म्हणेल?