गाळलेली पाने

धर्मग्रंथ म्हटला की आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्याच्या कपाळाला आठी पडते. ती पडलीच पाहिजे. ज्या समाजाने ग्रंथाच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्ला, त्याने ग्रंथाकडे संशयाने पाहिले तर नवल कसले? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जळाली, त्या ज्वाळेचा उजेड आपल्या प्रत्येक घरात आहे. पण या संशयाचे पुढे एक सोपे सूत्र होऊन बसले. पीडित माणसाला ग्रंथातून मिळणारा दिलासा म्हणजे अफू, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो आणि मोकळे होतो. मला हे सूत्र अपुरे वाटते. का, ते अमेरिका आणि वेस्ट इंडीजमधील काळ्या गुलामांच्या इतिहासावरून मांडतो. हा इतिहास आपल्याला परका नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांनाच.

१८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापले गेले. ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीज बेटांवरील गुलामांसाठी निवडलेले भाग, असे त्याचे स्वरूप होते. मूळ ग्रंथाच्या ११८९ अध्यायांपैकी त्यात ठेवले फक्त २३२. काय ठेवले आणि काय गाळले हे पाहण्यासारखे आहे. योसेफाला त्याचे भाऊ विकतात, तो गुलाम होतो, निष्ठेने चाकरी करून मोठेपणाला चढतो, ही कथा ठेवली. मोशे आपल्या लोकांना फारोच्या दास्यातून सोडवून नेतो, ती कथा गाळली. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हा पौलाचा उपदेश ठेवला. त्याच पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तापाशी उरत नाही असे म्हटले आहे, ते गाळले. आणि स्तोत्रसंहिता, म्हणजे संकटातला ख्रिस्ती माणूस ज्या पानांकडे सर्वांत आधी वळतो ती पाने, अख्खीच्या अख्खी गाळली.

माझा प्रश्न साधा आहे. दिलासा ही जर नुसती अफू असेल, तर मालकवर्गाने ती हात राखून का वाटली? भरभरून का नाही वाटली? गुलामाचे मन शांत राहावे हेच तर त्यांना हवे होते. पण स्तोत्रांत जुलमाविरुद्धची तक्रार आहे, न्यायाची मागणी आहे. असा दिलासा माणसाला झोपवत नाही, हे त्या संपादकांना आपल्यापेक्षा चांगले कळले होते.

आपल्याकडची रीत निराळी. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला धातू ओतावा असे गौतम धर्मसूत्राने सांगून ठेवले. इथे कान बंद केले, तिथे कानात निवडून निवडून घातले. व्यवस्था एकाच जातकुळीची.

अमेरिकेत १८३० साली नॉर्थ कॅरोलिना राज्याने गुलामाला वाचायला शिकवणे हा गुन्हा ठरवला. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियात नॅट टर्नरने बंड केले. तो गुलाम होता, त्याला वाचता येत होते आणि तो बायबलचा उपदेशक होता. त्यानंतर पहारे आणखी कडक झाले. मग गुलामांनी रात्री रानात जमावे, कुणाला पाठ असेल ते त्याने सांगावे, बाकीच्यांनी ऐकावे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जवळ एक भांडे पालथे घालीत, असे मुक्त झालेल्या अनेकांनी म्हातारपणी सांगितले आहे. पालथ्या भांड्याने आवाज अडतो की नाही ते विज्ञानाच्या प्राध्यापकांना विचारावे. मला त्यातली भीती दिसते, आणि भीती असूनही जमण्याची निकडही दिसते.

१८३३ सालचा एक प्रसंग तर आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवा. जॉर्जिया राज्यात चार्ल्स कॉलकॉक जोन्स नावाचा पाद्री गुलामांपुढे प्रवचन करीत होता. तो स्वतः गुलामांचा मालक. जिल्ह्याचे नाव मात्र लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्य! त्या दिवशी त्याने पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले पत्र घेतले. त्यात पौल ओनेसिम नावाच्या दासाला त्याच्या धन्याकडे परत पाठवतो. त्यावरून पळून जाणे कसे पाप आहे ते जोन्स समजावू लागला. निम्मे श्रोते उठून चालते झाले. राहिलेल्यांपैकी काहींनी त्याला तोंडावर सांगितले की असले पत्र बायबलात नाहीच. हे सारे जोन्सनेच लिहून ठेवले आहे. पत्र बायबलात होते. पण आपल्याला बांधणारे पान आपल्या ग्रंथातले नव्हे, हा त्यांचा निवाडा होता, आणि तो वाचता न येणाऱ्या माणसांनी दिलेला होता.

आपण विद्यापीठात चिकित्सा म्हणजे तळटीपा समजतो. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. आजीला अक्षरओळख नव्हती. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चाले, आणि एरवी घरी मी तिला वाचून दाखवी. घरात कुणी दगावले, पाऊस गेला, की ती म्हणे, “त्या रस्ते झाडणाऱ्याचं वाच रे.” म्हणजे सुनीताची प्रव्रज्या. चार आर्यसत्यांच्या पानांवर तिला डुलकी लागे, हेही सांगितले पाहिजे. निवड तिची होती, मी फक्त वाचणारा.

म्हणूनच हॉवर्ड थर्मनच्या आजीची हकिगत वाचताना मी थबकलो. थर्मन हे काळे ख्रिस्ती धर्मचिंतक. १९३५च्या ऑक्टोबरात ते कोलंबोला उतरले. त्याच महिन्याच्या १३ तारखेला बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली होती. कोलंबोत एका कायदेपंडिताने थर्मनना विचारले की, ज्या धर्माच्या लोकांनी तुमच्या पूर्वजांना गुलाम केले तोच धर्म तुम्ही कसा मिरवता? येवल्याचाही प्रश्न हाच होता. बाबासाहेबांनी धर्म सोडला, थर्मननी त्याच धर्मातला येशू मालकांच्या हातून सोडवून घ्यायचे ठरवले. १९४९चे त्यांचे ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ हे पुस्तक म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर. मी अर्थातच येवल्याच्या बाजूचा आहे. आपल्याला मिळालेल्या ग्रंथात सोडवून घेण्याजोगे कुणी नव्हते.

पण थर्मनचे उत्तर कोलंबोत जन्मलेले नाही. त्यांची आजी नॅन्सी अँब्रोझ फ्लोरिडात गुलाम म्हणून वाढली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. नातू तिला बायबल वाचून दाखवी. स्तोत्रे, यशया आणि येशूचे चरित्र ती पुन्हापुन्हा वाचायला लावी, पण पौलाची पत्रे कधीच नाहीत. नातू कॉलेजात गेल्यावर त्याने धीर करून कारण विचारले. ती म्हणाली की गुलामीच्या दिवसांत मालकाचा पाद्री दरवेळी पौलाचेच वचन काढून आज्ञापालन शिकवी. कधी वाचायला शिकले आणि स्वतंत्र झाले, तर ते पान वाचायचे नाही, असा शब्द तिने तेव्हाच आपल्या देवाला दिला होता. वाचायला ती शिकली नाही, तरी शब्द पाळला. त्या साऱ्या पत्रांतला एकच अध्याय, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला तेरावा, प्रेमावरचा, तेवढा ती फार दिवसांनी कधीतरी वाचू देई.